आप्त कोण? इराक युद्ध आणि दोन खंडांची वृत्तपत्रं



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. त्यात लिहिलं होतं, "जगात कुठे मोठा पेचप्रसंग उभा राहिला की अमेरिकन वृत्तपत्रं एक सांगतात आणि युरोपातली दुसरंच. आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?" प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर तेवढं साधं नाही. म्हणून आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीलाच द्यायचं ठरवलं.

उदाहरण घेऊ २००३ च्या इराक युद्धाचं. कारण एक म्हणजे त्याचा निकाल लागलेला आहे. ज्या शस्त्रांसाठी युद्ध झालं ती शस्त्रं सापडली नाहीत, याबद्दल आता वाद नाही. त्यामुळे कोण बरोबर होतं, कोण चूक, हे तपासता येतं. आणि दुसरं कारण असं, की त्या वेळी आम्ही स्वतः चुकलो होतो.

ते आधी सांगून टाकतो. तेव्हा आम्ही एम. ए.च्या वर्गाला न्यायदर्शन शिकवत होतो. प्रकरण होतं शब्दप्रमाणाचं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होतं का, आणि होत असेल तर कुणाच्या सांगण्यावरून? न्यायमताचं उत्तर असं, की आप्ताच्या सांगण्यावरून होतं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. (हशा) इथे आप्त म्हणजे विश्वासार्ह वक्ता. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन, कामसूत्रवाला नव्हे, दोन अटी सांगतो. सांगणाऱ्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक हवी. आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जन्मावर किंवा पदावर ठरत नाही, तो त्या-त्या गोष्टीपुरता ठरतो.

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे भाषण केलं. सव्वा तासाच्या आसपास बोलले. उपग्रहाची छायाचित्रं, फोनवरची ध्वनिमुद्रणं, जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची चित्रं. दुसऱ्या दिवशी वर्गात एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, हे आप्तवाक्य म्हणायचं का?" आम्ही म्हणालो, "इतका संयमी माणूस, जगासमोर उभा राहून, इतक्या तपशिलानं सांगतोय. म्हणायला हरकत नाही." तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

तो तास आम्हाला अजून आठवतो. आज त्या उत्तराची दुरुस्ती करायची आहे.

आता अमेरिकेकडे येऊ. ८ सप्टेंबर २००२ चा रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली की इराक विशिष्ट प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याचा प्रयत्न करतोय आणि त्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करायला लागतात. बातमीला आधार होता नाव न सांगितलेल्या अधिकाऱ्यांचा. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी या बातमीचा हवाला दिला. क्रम लक्षात घ्या. सरकारातले लोक वृत्तपत्राला सांगतात, वृत्तपत्र छापतं, आणि मग सरकार म्हणतं, पाहा, वृत्तपत्रातही आलंय! न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. अ चा आधार ब, आणि ब चा आधार अ. दोन्ही एकमेकांना धरून उभे, आणि खाली जमीन नाही.

खरं म्हणजे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ म्हणत होते की या नळ्या साध्या रॉकेटसाठी जास्त जुळतात. ज्यांना प्रत्यक्ष ठाऊक होतं ते हे लोक. पण त्यांचं म्हणणं वाचकांपर्यंत उशिरा पोचलं, आणि पोचलं तेही आतल्या पानांवर.

हे का झालं? सगळे वार्ताहर विकले गेले होते, असं सोपं उत्तर अनेकांना आवडतं. आम्हाला ते पटत नाही. कारण त्याहून खोल आहे. विसाव्या शतकात अमेरिकन पत्रकारितेनं वस्तुनिष्ठतेचं एक व्रत घेतलं. बातमी वेगळी, मत वेगळं. बातमीत वार्ताहरानं स्वतः काही म्हणायचं नाही, जबाबदार माणूस काय म्हणाला ते सांगायचं. व्रत चांगलं आहे. पण त्यात एक फट आहे. "मंत्री म्हणाले की या नळ्या बॉम्बसाठी आहेत" हे वाक्य मंत्री तसं म्हणाले असतील तर खरंच असतं. नळ्या कशासाठीही असोत. वार्ताहर खोटं बोललेला नाही, आणि वाचकाच्या मनात मात्र नळ्यांबद्दल खोटी समजूत पक्की झाली. बोलणं झालं हे सत्य, आणि बोलण्यातली गोष्ट सत्य, या दोन्हींतलं अंतर वृत्तपत्राच्या मथळ्यात पुसलं जातं.

दुसरी गोष्ट. जबाबदार माणूस कोण, हे कोण ठरवणार? लान्स बेनेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९९० साली एक निरीक्षण मांडलं. राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांत आणि विरोधकांत मतभेद जेवढे रुंद, तेवढीच वृत्तपत्रांतली चर्चा रुंद. तिथे मतभेद मिटले की इथे चर्चाही आटते. इराकच्या बाबतीत ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं राष्ट्राध्यक्षांना युद्धाचा अधिकार दिला. प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. विरोधी पक्षाचे बरेच नेते होकार देऊन मोकळे झाले. मग दूरचित्रवाणीनं विरोधी बाजू मांडायला बोलवायचं कुणाला? पॉवेल यांच्या भाषणाच्या आगेमागे दोन आठवडे चार मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्या एका माध्यम-निरीक्षक संस्थेनं मोजल्या. पडद्यावर बोलणारे ३९३ जण. त्यांतले युद्धविरोधी चळवळीशी संबंधित किती? ३.

आणि त्याच दिवसांत, १५ फेब्रुवारीला, जगभरच्या शहरांत लाखो माणसं रस्त्यावर होती.

आता अटलांटिक ओलांडू. युरोपात वृत्तपत्राची परंपरा वेगळी. तिथे वृत्तपत्राला भूमिका असते, आणि वाचक ती जाणून ते विकत घेतो. लंडनमध्ये गार्डियन डावीकडचं, डेली टेलिग्राफ उजवीकडचं. पॅरिसमध्ये ल मोंद आणि ल फिगारो. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. केसरी काढणारे टिळक आणि सुधारक काढणारे आगरकर आपली बाजू लपवत नव्हते. अशा परंपरेत एकच वृत्तपत्र वाचणारा एकांगी राहतो, पण गावातली चार वृत्तपत्रं मिळून चर्चा रुंद ठेवतात. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये हेच दिसलं. द सन युद्धाच्या बाजूनं, डेली मिरर कडवा विरोधक. गार्डियन आणि इंडिपेंडंट साशंक.

मग चिठ्ठीवाले श्रोते म्हणतील, ठरलं तर! युरोपीय परंपरा चांगली. थांबा. बेनेट यांचा नियम इथेही लावून पाहा. ब्रिटिश वृत्तपत्रांत चर्चा रुंद होती, कारण पार्लमेंटात ती रुंद होती. १७ मार्चला मंत्री रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी सत्ताधारी मजूर पक्षाच्याच १३९ खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं. फ्रान्स आणि जर्मनीत तर सरकारंच युद्धाच्या विरोधात. तिथल्या वृत्तपत्रांनी विरोध केला तेव्हा ती आपल्या सरकारच्या बाजूनंच उभी होती. त्याला धैर्य किती लागलं असेल, तुम्हीच सांगा.

याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. पॉवेल यांच्या भाषणातल्या फिरत्या प्रयोगशाळा आठवतात ना? ती माहिती आली एका इराकी निर्वासिताकडून. हेरखात्यानं त्याला सांकेतिक नाव दिलं होतं कर्व्हबॉल. हा माणूस कुठे होता? जर्मनीत, जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात. अमेरिकेचं सगळं त्याच्या जबानीच्या कागदांवर चाललं होतं, आणि जर्मन अधिकाऱ्यांना स्वतःला त्याच्याबद्दल शंका होत्या. युद्धविरोधी सरकार, युद्धविरोधी वृत्तपत्रं, आणि सगळ्यात मोठ्या पुराव्याचा कच्चा दुवा त्यांच्याच देशात बसलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याची कहाणी वाचकांसमोर आली ती युद्धानंतर साधारण वर्षभरानं, आणि ती बाहेर काढण्यात पुढे होतं लॉस एंजेलिस टाइम्स हे अमेरिकन वृत्तपत्र. २०११ मध्ये त्या माणसानं आपण रचून सांगितल्याचं स्वतःच कबूल केलं. भूमिका योग्य असणं आणि गोष्ट ठाऊक असणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

उलट बाजूही पाहा. अमेरिकेत नाइट रिडर नावाचा वृत्तपत्रसमूह होता. त्याच्याकडे ना न्यूयॉर्कचं वृत्तपत्र, ना वॉशिंग्टनचं. जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे त्यांचे वार्ताहर. मंत्र्यांच्या बैठकांत त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. ते गेले खालच्या आणि मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांकडे, ज्यांच्या टेबलावर मूळ कागद येत होते. तिथे त्यांना वेगळंच ऐकू आलं, आणि त्यांनी ते युद्धाआधी छापलं. वस्तुनिष्ठतेचं व्रत त्यांचंही होतं. देशही तोच. फरक एवढाच, की त्यांनी पदानं मोठा माणूस न शोधता ठाऊक असलेला माणूस शोधला. वात्स्यायनाची पहिली अट.

याच न्यायानं लंडनच्या ऑब्झर्व्हरची गोष्ट ऐका. ऑब्झर्व्हरचं संपादकीय धोरण युद्धाला अनुकूल होतं. तरी २ मार्च २००३ रोजी त्यांनी एक गुप्त टिपण छापलं. सुरक्षा परिषदेतल्या डळमळीत देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकन यंत्रणेनं ब्रिटिशांची मदत मागितली होती. ते टिपण बाहेर काढलं ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेत भाषांतराचं काम करणाऱ्या कॅथरिन गन यांनी. मग अमेरिकेत काय झालं? टिपणातली इंग्रजी स्पेलिंगं ब्रिटिश पद्धतीची होती, म्हणून ते बनावट आहे अशी आवई उठली. प्रत्यक्षात ऑब्झर्व्हरच्या कार्यालयात सवयीनं अमेरिकन स्पेलिंगं सुधारली गेली होती! ज्या वाहिन्यांनी त्या वार्ताहराला मुलाखतीला बोलावलं होतं त्यांनी मुलाखती रद्द केल्या. एका अक्षराच्या फरकानं बातमी अटलांटिकच्या पलीकडे बुडाली. गन यांच्यावर खटला भरला गेला आणि २००४ च्या फेब्रुवारीत सरकारनं तो मागे घेतला.

आता इतिहासात थोडं मागे जाऊ, म्हणजे २००३ चा आरसा उलटा धरता येईल. सुएझ, १९५६. नासर यांनी जुलैत कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरअखेर इस्राएलनं हल्ला केला, आणि ब्रिटन-फ्रान्स दोघांना वेगळं करायला आल्याचा आव आणून उतरले. तिघांनी हे आधीच गुप्तपणे ठरवलं होतं. या वेळी अमेरिकन सरकार विरोधात होतं. त्यामुळे अँग्लो-फ्रेंच खुलाशावर विश्वास ठेवण्याची गरज अमेरिकन वृत्तपत्रांना नव्हती. फ्रान्समध्ये मात्र बहुतेक वृत्तपत्रं सरकारच्या पाठीशी. ब्रिटनमध्ये ऑब्झर्व्हर आणि मँचेस्टर गार्डियन यांनी विरोध केला, आणि ऑब्झर्व्हरला तो वाचक आणि जाहिराती गमावून भोगावा लागला. बीबीसीनं सरकारचा दबाव असताना विरोधी पक्षनेते गेट्सकेल यांचं भाषण प्रसारित केलं. हे खरं धैर्य, कारण तेव्हा युद्ध स्वतःच्या सरकारचं होतं.

आणि फ्रान्सचं अल्जेरिया घ्या. १९५४ ते १९६२, आठ वर्षं. माणसं मेली, गावं उठली, छळ झाला. पण अधिकृत भाषेत ते युद्ध नव्हतं. त्या होत्या 'घटना', 'सुव्यवस्था राखण्याच्या कारवाया'. छळाबद्दल लिहिणाऱ्या साप्ताहिकांचे अंक सरकार जप्त करत होतं. 'युद्ध' हा शब्द फ्रेंच संसदेनं कायद्यानं मान्य केला तो १९९९ साली. इराक युद्धाच्या वेळी अमेरिकनांना विवेक शिकवणारा देश तोच. आमच्या आजीच्या शब्दांत, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

शब्दांची ही कसरत आपल्याला परकी नाही. ८ एप्रिल २००३ रोजी आपल्या लोकसभेनं इराक युद्धाविरुद्ध ठराव केला. हिंदीत शब्द होता 'निंदा'. इंग्रजीत मात्र विरोधकांना हवा असलेला कडक शब्द न घेता खेद आणि नापसंतीकडे झुकणारा 'डिप्लोअर' घेतला गेला. घरच्यांसाठी एक, बाहेरच्यांसाठी दुसरा. आणि त्या दिवसांत आपल्या मराठी वृत्तपत्रांतल्या परदेशी बातम्या बहुतांशी रॉयटर्स, एपी, एएफपी यांच्याकडून येत होत्या. म्हणजे इराक आपण पाहिला तो लंडन, न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या खिडकीतून, वर मराठीचा पडदा लावून.

चूक कळल्यावर कोण कसं वागलं, हेही तुलनेत धरायला हवं. २६ मे २००४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकांनी वाचकांसाठी निवेदन छापलं. आपली तपासणी कमी पडली, सत्तांतर हवं असलेल्या इराकी निर्वासितांवर आपण फार विसंबलो, आरोप पहिल्या पानावर आले आणि शंका आत गेल्या, अशी कबुली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन पोस्टनं स्वतःची तपासणी पहिल्या पानावर दिली. युद्धापूर्वीच्या काही महिन्यांत इराकविरुद्ध सरकारी बाजूवर भर देणाऱ्या पहिल्या पानावरच्या बातम्या १४० हून जास्त निघाल्या. कबुली उशिरा आली, माणसं मेल्यावर आली. पण आली. ब्रिटनमध्ये पंचेचाळीस मिनिटांत इराकी अस्त्रं सज्ज होतात हा सरकारी दावा बहुतेक वृत्तपत्रांनी मोठ्या मथळ्यांनी छापला होता. त्याबद्दल अशी सविस्तर कबुली आमच्या पाहण्यात नाही. उलट तो दावा फुगवलेला होता असं सांगणाऱ्या बीबीसीच्या अध्यक्षांना आणि महासंचालकांना जानेवारी २००४ मधल्या हटन अहवालानंतर पायउतार व्हावं लागलं. बीबीसीच्या त्या बातमीतही ढिलाई होती, हे नाकारत नाही. पण हिशेब कुणाचा कसा झाला, ते पाहा.

एक आकडा आणखी, मग संपवतो. युद्धानंतर मेरीलँड विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी अमेरिकन लोकांच्या तीन चुकीच्या समजुती तपासल्या. शस्त्रं सापडली, अल-कायदाशी संबंधाचे पुरावे सापडले, जग युद्धाच्या बाजूनं होतं. यांतली किमान एक समजूत फॉक्सवर विसंबणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांची होती. सार्वजनिक रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर विसंबणाऱ्यांत ती २३ टक्के. एका देशातला हा फरक. म्हणून खंडांची तुलना करताना जपून.

तर चिठ्ठीचं उत्तर. अमेरिकन की युरोपीय, असा विश्वास वाटून देता येत नाही. प्रत्येक देशाचं वृत्तपत्र दुसऱ्याच्या युद्धाबद्दल बऱ्यापैकी स्वच्छ पाहतं आणि आपल्या युद्धाबद्दल त्याची नजर अधू होते. म्हणून एखाद्या पेचप्रसंगाबद्दल वाचताना, ज्या देशाचं सरकार त्यात गुंतलेलं नाही तिथलं वृत्तपत्र जरूर जोडीला घ्यावं. पण तेवढ्यावर थांबू नये, हे जर्मनीनं दाखवलं. बातमी कुठलीही असो, दोन प्रश्न विचारावेत. सांगणाऱ्याला हे कसं ठाऊक? आणि हे खोटं निघालं तर त्याचं काय बिघडेल? पहिल्याचं उत्तर बातमीत नसेल तर ती बातमी अजून बातमी झालेली नाही, ती घोषणा आहे.

हे परक्यांबद्दल बोलायला सोपं आहे. उद्या आपल्याच सीमेवर काही पेटलं, की आपण आपल्या युद्धाचे वाचक होतो. तेव्हा आपल्या वाहिन्या त्या ॲल्युमिनियमच्या नळ्या दाखवतील, आणि शंका घेणाऱ्या शेजाऱ्याकडे आपणच वाकड्या नजरेनं बघू. या दोन प्रश्नांची खरी परीक्षा तेव्हा आहे, आज नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही काय सांगायला हवं होतं? हेच, की पॉवेल यांची दुसरी अट आपण धरून चालू, ते प्रामाणिक असतील. पण फिरत्या प्रयोगशाळा त्यांनी पाहिल्यात का? नाही. पाहिलेल्या माणसाशी ते बोललेत का? तेही नाही. मग त्या गोष्टीपुरते ते आप्त नव्हेत. पुढे २००५ साली पॉवेल यांनीच ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे असं मान्य केलं. आम्ही मात्र त्यांच्या संयमी चेहऱ्याला प्रमाण मानलं, आणि प्रमाणशास्त्राच्याच तासाला मानलं. ती विद्यार्थिनी आता कुठे असते, ठाऊक नाही. ही व्याख्यानं ऐकत असेल तर तिनं वहीतलं ते वाक्य खोडावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.